फोटोतील छुपी माहिती: केव्हा जपायची, केव्हा पुसायची

गावात अत्याचाराची घटना घडली, वस्तीवर दगडफेक झाली, पुतळ्याची विटंबना झाली, की सगळ्यात आधी खिशातून मोबाईल बाहेर येतो. फोटो निघतात आणि तासाभरात ते कितीतरी ग्रुपवर फिरतात. पंधरा दिवसांनी वकील विचारतात, "मूळ फोटो कुणाकडे आहे?" तेव्हा प्रत्येकाकडे असतो तो कुणीतरी फॉरवर्ड केलेला. ज्याने काढला त्याने फोनची मेमरी भरली म्हणून तो केव्हाच डिलीट केलेला असतो. दुसरीकडे याच घटनेतली साक्षीदार बाई भीतीपोटी गाव सोडून नातेवाइकांकडे राहायला गेलेली असते. कार्यकर्ते तिला भेटायला जातात, फोटो काढतात आणि तो अहवालासोबत ईमेलने दहा जणांना पाठवतात. त्या फोटोच्या फाईलमध्ये ती जिथे राहते त्या घराचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकाच गोष्टीचा आहे. फोटोच्या फाईलमध्ये चित्राबरोबर जी न दिसणारी माहिती साठते, तिला मेटाडेटा म्हणतात. पहिल्या वेळी ती हवी होती आणि गेली. दुसऱ्या वेळी ती नको होती आणि राहिली. मोबाईल सुरक्षेवरचे बहुतेक लेख "मेटाडेटा पुसून टाका" एवढेच सांगून थांबतात. शहरात बसून सहलीचे फोटो टाकणाऱ्याला तेवढे पुरते. ज्याला उद्या पोलीस ठाण्यात आणि परवा विशेष न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याला ते पुरत नाही. आम्ही या विषयाकडे संगणकशास्त्रातून आलो नाही, वस्तीपातळीवरच्या कामातून आलो. त्यामुळे इथे तंत्रज्ञान लागेल तेवढेच येईल.

फोटोच्या पाठीवरचे लिखाण

घरातला जुना अल्बम काढून बघा. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो, कुणीतरी पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते, "डावीकडून दुसरे आजोबा" असे काहीतरी असते. समोरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण फोटो कधीचा, कुठला आणि कुणाचा हे त्या ओळीवरूनच कळते. डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते. फक्त तिच्यावर लिहिणारा आपण नसून फोन असतो. तो न विचारता लिहितो, आणि फोटोची मूळ फाईल पाठवली की ती पाठही सोबत जाते.

हे लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे, तिचे नाव एक्झिफ. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ती १९९५ साली तयार केली. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, फोटो कसा काढला याची नोंद सगळ्यांना एकाच रीतीने वाचता यावी, हा हेतू. त्यात फोनची कंपनी आणि मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, शटरचा वेग, फ्लॅश लागला की नाही, फोन उभा होता की आडवा, हे सगळे येते. फोनमध्ये जीपीएस आल्यावर त्यात अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांची भर पडली. काही फोन कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते तेही नोंदवतात. मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहिला जातो आणि मालकाने सेटिंगमध्ये नाव भरले असेल तर तेही. २००७ साली हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकाच्या पानांचे फोटो प्रकाशनापूर्वीच कुणीतरी इंटरनेटवर टाकले होते. त्या फोटोंमधून कॅमेऱ्याचा अनुक्रमांक मिळाला होता.

एक्झिफशिवाय आणखी दोन कप्पे असतात. वृत्तसंस्थांनी ठरवलेला आयपीटीसी हा एक. त्यात फोटोओळ, छायाचित्रकाराचे नाव, हक्क अशी माणसाने भरायची माहिती असते. दुसरा अॅडोबी कंपनीने २००१ साली आणलेला एक्सएमपी. फोटो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलला याच्या खुणा बहुधा इथे सापडतात. फाईलमध्ये मूळ फोटोची एक छोटी प्रतिमाही ठेवलेली असते. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो कापला तरी ही छोटी प्रतिमा न कापलेलीच राहायची, आणि त्यातून लोकांची फजिती झालेली आहे.

ठिकाणाची नोंद किती नेमकी असते हे आकड्यांवरून समजून घेऊ. नागपूरची दीक्षाभूमी साधारण २१.१२८ उत्तर अक्षांश आणि ७९.०६७ पूर्व रेखांशावर आहे. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे सांगितले तर आपण शंभरएक मीटरच्या आत पोहोचतो. चौथा आकडा आला की अकरा मीटर. फोटोत त्याहून जास्त आकडे असतात, आणि मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट वस्तीत, पत्र्याखाली, उंच इमारतींच्या मध्ये चूक वाढते. तरीही एकटे घर असेल तर ते घर आणि चाळ असेल तर ती चाळ सापडतेच.

म्हणून प्रत्येक फोटोला घाबरायचे का? नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर काढलेल्या फोटोत चैत्यभूमीचे अक्षांश-रेखांश असले तर कुणाला नवीन काय कळणार? १४ एप्रिलच्या मिरवणुकीचेही तसेच. धोका असतो तो खाजगी जागेचा. कुणाचे घर, वसतिगृहाची खोली, निवारा केंद्र, बैठकीची जागा, साक्षीदाराचा मुक्काम. रोजचे फोटो एकत्र ठेवले तर त्यातून दिनक्रमही कळतो: सकाळी कुठल्या क्लासला, संध्याकाळी कुठल्या रस्त्याने, रविवारी कुणाच्या घरी. एकट्या राहणाऱ्या मुलींनी आणि आंतरजातीय विवाह करून लपून राहिलेल्या जोडप्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

एका फोटोवरून माग

या नोंदींमुळे लोक सापडल्याची जगप्रसिद्ध उदाहरणे आहेत. जॉन मॅकॅफी हे अँटीव्हायरस कंपनीचे संस्थापक, म्हणजे संगणक सुरक्षेवरच मोठे झालेले गृहस्थ. २०१२ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात त्यांच्या शेजाऱ्याचा खून झाला. पोलीस चौकशीसाठी शोधू लागल्यावर ते फरार झाले. डिसेंबरमध्ये व्हाइस या नियतकालिकाच्या प्रतिनिधींनी त्यांच्यासोबतचा फोटो इंटरनेटवर टाकला. तो आयफोनने काढला होता आणि ठिकाणाची नोंद पुसलेली नव्हती. वाचकांनी ती उघडून पाहिली, तर मॅकॅफी शेजारच्या ग्वाटेमालात होते. काही दिवसांतच तिथे त्यांना अटक झाली.

त्याच वर्षी अमेरिकन लष्कराने आपल्या सैनिकांना सावध करताना २००७ सालची इराकमधली घटना सांगितली. तळावर नवी हेलिकॉप्टरे आली, सैनिकांनी हौसेने फोटो काढून इंटरनेटवर टाकले, शत्रूने त्यातून नेमकी जागा काढली आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात चार अपाचे हेलिकॉप्टरे नष्ट झाली. २०१२ सालीच पोलिसांच्या वेबसाइट हॅक करणाऱ्या एका अमेरिकन तरुणाचा माग एफबीआयने काढला. त्याने टाकलेल्या मैत्रिणीच्या फोटोत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका उपनगराचे ठिकाण नोंदलेले होते.

या तिन्ही घटनांत कुठलेही गुप्त तंत्र वापरले गेले नाही. फाईल उघडून वाचली, एवढेच. ज्याला आपल्या वस्तीतल्या साक्षीदाराचा पत्ता हवा आहे, त्यालाही एवढेच करावे लागेल.

व्हॉट्सअॅप पुसते, ईमेल पुसत नाही

आपल्याकडे नव्वद टक्के गोंधळ इथे होतो. हा आकडा आमचा अंदाज आहे, पाहणी नव्हे.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की अॅप तो दाबून लहान करते. त्यात ठिकाण, मूळ वेळ, फोनचे मॉडेल हे सगळे गळून पडते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी जाते, पाठीवरच्या सगळ्या लिखाणासह. टेलिग्रामवर 'फाईल' म्हणून पाठवलेल्याचे तेच. ईमेलला जोडलेला फोटो, गुगल ड्राइव्हवर चढवलेला फोटो, पेनड्राइव्हवर दिलेला फोटो, ब्लूटूथने दिलेला फोटो, या सगळ्यांत मेटाडेटा शाबूत राहतो. सिग्नल हे अॅप फोटो पाठवताना तो काढून टाकते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर टाकलेला फोटो दुसऱ्या कुणी उतरवून घेतला तर त्याला ठिकाण मिळत नाही. मात्र फोटो चढवताना ती माहिती त्या कंपनीच्या हाती पडलेली असू शकते. लोकांपासून लपले म्हणजे कंपनीपासून लपले असे नाही.

फाईलच्या नावाकडेही बघा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपने आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते आणि पुढे 'डब्ल्यूए' ही अक्षरे व क्रमांक असतो. ही तारीख फोटो काढल्याची असतेच असे नाही. चार वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तर नावात आजची तारीख पडते. जुन्या दंगलीचे फोटो नव्या म्हणून फिरवले जातात, तेव्हा "नाव बघा, आजचेच आहे" असे म्हणणारे भेटतात. ते नाव काहीही सिद्ध करत नाही.

पुसायची कशी

आधी पाहायला शिका. अँड्रॉइडवर गुगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की तारीख, फोन आणि नकाशावरचा ठिपका दिसतो. आयफोनवर फोटोखालचे 'आय' हे चिन्ह दाबावे. विंडोज संगणकावर फाईलवर उजवे क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. कार्यशाळेत आम्ही सगळ्यांना घरी काढलेला कुठलाही एक फोटो असा उघडायला सांगतो. नकाशावर स्वतःची गल्ली दिसली की पुढचे भाषण करावे लागत नाही.

रोजच्या वापरासाठी सोपा उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन टॅग बंद ठेवणे. आयफोनवर ते प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये जाऊन कॅमेऱ्यापुरते बंद करता येते. हे फक्त पुढच्या फोटोंना लागू होते, आधी काढलेल्यांना नाही. आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करून फोटो पाठवता येतो. सॅमसंगच्या गॅलरीतही पाठवताना ठिकाण काढण्याची सोय आहे. विंडोजवर त्याच डिटेल्सच्या पानावर तळाशी खाजगी माहिती काढण्याचा पर्याय असतो. तो माहिती काढलेली वेगळी प्रत बनवून देतो, तीच निवडावी. संगणक सराईतपणे वापरणाऱ्यांसाठी एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. शेकडो फोटो एका दमात वाचता आणि साफ करता येतात.

यातले काहीच जमत नसेल तर फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोचे ठिकाण येत नाही. दर्जा घसरतो, पण साक्षीदाराच्या सुरक्षेपुढे दर्जाचे काय?

हा प्रश्न नुसत्या सावधगिरीचा नाही, कायद्याचाही आहे. पॉक्सो कायद्याचे कलम २३ सांगते की पीडित बालकाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार यांपैकी काहीही माध्यमातून उघड करता येणार नाही. शेजार हा शब्द कायद्यात आहे, आणि अक्षांश-रेखांश म्हणजे शेजारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेची ओळख पटेल अशी कोणतीही बाब छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ साक्षीदारांची नावे आणि पत्ते गोपनीय ठेवण्याचे आदेश देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला देते. न्यायालयाने झाकलेला पत्ता आपल्याच सत्यशोधन अहवालाच्या फोटोतून बाहेर जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

फोटोवरच छापलेला पत्ता

महाराष्ट्रात क्षेत्रीय काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आता 'जीपीएस मॅप कॅमेरा'सारखे एखादे अॅप असते. फोटोच्या खालच्या भागात नकाशाचा तुकडा, गाव, तालुका, पिनकोड, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ अशी पट्टी छापली जाते. सरकारी योजनांनी ही सवय लावली. घरकुलाच्या हप्त्यासाठी बांधकामाच्या टप्प्याटप्प्याचे जिओटॅग फोटो लागतात, मनरेगाच्या कामांचे जिओटॅगिंग २०१६ मध्ये सुरू झाले. मग देणगीदार संस्थांनीही तेच मागायला सुरुवात केली. आज समुपदेशनाची भेट असो की रेशनचे वाटप, कार्यकर्त्याला पट्टीवाला फोटो काढून ग्रुपवर टाकावा लागतो, नाहीतर त्या दिवसाचा प्रवासखर्च अडतो.

या पट्टीबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, मेटाडेटा पुसला की हीही जाईल. ती जात नाही. ती चित्राचाच भाग झालेली असते, आणि व्हॉट्सअॅपने कितीही दाबली तरी वाचता येते. म्हणजे व्हॉट्सअॅपमुळे आपोआप मिळणारे थोडे संरक्षणही इथे संपते. कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितेच्या घरभेटीचा, एचआयव्हीबाधित कुटुंबाला किट दिल्याचा, विधवा पेन्शनच्या अर्जाचा फोटो, वर चेहरा आणि खाली पिनकोडसह पत्ता, असा पन्नास जणांच्या ग्रुपवर पडलेला आम्ही पाहिला आहे. ते टाकणारे कार्यकर्ते वाईट नसतात. त्यांच्यावर हजेरी सिद्ध करण्याचा दबाव असतो. हा नियम ज्यांनी केला त्यांच्याशी बोलले पाहिजे. हजेरीसाठी गावाच्या पाटीचा किंवा अंगणवाडीच्या दाराचा पट्टीवाला फोटो पुरेसा आहे, लाभार्थ्याचा चेहरा त्यात लागत नाही. समाजकार्याच्या पदवीत गोपनीयता हे मूल्य शिकवायचे आणि नोकरीत मात्र असा फोटो मागायचा, हा विरोधाभास संस्थांनी आता तरी सोडवावा.

दुसरा गैरसमज उलटा आहे: पट्टी आहे म्हणजे पक्का पुरावा आहे. या प्रकारच्या अनेक अॅपमध्ये ठिकाण हाताने बदलता येते. ते करता येत नसले तरी छापलेली पट्टी कुठल्याही फोटोवर चिकटवता येते, आणि विरुद्ध बाजूचा वकील हे जाणतो. पुराव्याचा फोटो फोनच्या मूळ कॅमेऱ्याने, पट्टीशिवाय काढा. पट्टीवाला हवाच असेल तर तो वेगळा काढा.

जपायची कशी

पुराव्याच्या बाबतीत एक नियम: मूळ फाईलला हात लावायचा नाही. कापायची नाही, उजळायची नाही, नाव बदलायचे नाही, मेटाडेटा पुसायचा नाही. जे काही करायचे ते प्रतीवर.

यामागचे कायद्याचे कारण समजून घ्यायला जालन्याचा एक खटला उपयोगी आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातल्या उमेदवारी अर्जांवरून वाद झाला. अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले का, हा प्रश्न होता, आणि उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणात होते. चित्रण होते, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. शक्य ते सर्व प्रयत्न करूनही समोरच्याने दिले नाही, तर त्याची शिक्षा मागणाऱ्याला नाही. आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्या मोबाईलमध्ये माहिती पहिल्यांदा साठली तो मोबाईल घेऊन त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला आणि तो आपलाच आहे हे त्याने सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे फोटो काढणारा कार्यकर्ता आणि त्याचा तो फोन, दोघेही महत्त्वाचे. दिवाळीत एक्सचेंज ऑफरमध्ये तो फोन देऊन टाकण्याआधी वकिलांना विचारा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. आता हे प्रमाणपत्र त्याच्या कलम ६३ खाली येते आणि पुरावा सादर करताना दर वेळी सोबत द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय क्रमांक आणि फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढला तर चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. फाईलमध्ये एक बिंदू बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. मेटाडेटा पुसला, चित्र डोळ्यांना तेच दिसते, पण ठसा वेगळा येतो. व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या प्रतीचा ठसा मूळ फोटोशी कधीच जुळणार नाही. म्हणून घटनेच्या दिवशीच मूळ फाईलचा हॅश काढून तो तारखेसह वहीत लिहून ठेवा, किंवा वकिलांना ईमेल करा.

वेळेबाबत एक बारकावा. एक्झिफमधली मुख्य वेळ फोनच्या घड्याळाची असते. घड्याळ चुकीचे असेल तर फोटोही चुकीचे बोलतो. जीपीएसने नोंदवलेली वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. एकाच फोटोत दुपारचे अडीच आणि सकाळचे नऊ अशा दोन वेळा दिसल्या तर कुणीतरी फेरफार केला असे समजू नका, आणि उलटतपासणीत तसे कुणाला म्हणूही देऊ नका. दोन्हींतला फरक बरोबर साडेपाच तास असेल तर तो फोनचे घड्याळ नीट चालत असल्याच्या बाजूनेच बोलतो.

मेटाडेटा एकटा सगळे सिद्ध करत नाही, कारण तो बदलताही येतो. त्यामुळेच जगात मानवी हक्कांचे काम करणाऱ्यांनी अशी अॅप बनवली आहेत की जी फोटो काढतानाच ठिकाण, वेळ आणि हॅश कुलूपबंद करतात. आंतरराष्ट्रीय वकील संघटनेने २०१५ मध्ये आणलेले आयविटनेस टू अॅट्रॉसिटीज हे त्यातले एक. २०१८ साली काँगोमधल्या बुकावू इथल्या लष्करी न्यायालयाने दोन सशस्त्र गटप्रमुखांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले, त्या खटल्यात या अॅपने घेतलेले फोटो वापरले गेले. गार्डियन प्रोजेक्टचे प्रूफमोड हेही त्याच धर्तीचे आहे. आपल्या न्यायालयात यामुळे कलम ६३ चे प्रमाणपत्र टळत नाही, पण फोटोवर शंका घेणे अवघड होते.

चित्रात जे उघड दिसते

मेटाडेटा साफ केला आणि मागे शाळेचा फलक राहिला, असे सर्रास होते. गणवेश, मोटारसायकलचा नंबर, दुकानाच्या पाटीवरचे तालुक्याचे नाव, भिंतीवरचा घरपट्टी क्रमांक, हे सगळे पाठवण्यापूर्वी पाहावे.

चेहरा झाकताना भरीव काळा किंवा पांढरा चौकोन वापरा. फोनमधला हायलायटर पारदर्शक असतो. दोनदा फिरवला की काळा वाटतो, पण उजेड वाढवला की खालचे दिसते. पिळवटून टाकलेला चेहराही सुरक्षित नाही. २००७ साली इंटरपोलने एका गुन्हेगाराचा भोवऱ्यासारखा फिरवलेला चेहरा जर्मन तज्ज्ञांच्या मदतीने सरळ करून त्याला शोधले होते. वर्डच्या अहवालात फोटो कापून लावला तर कापलेला भाग फाईलमध्ये तसाच राहतो, दुसरा माणूस तो परत ओढून काढू शकतो. अहवालात लावण्यापूर्वीच फोटो कापून आणा. मार्च २०२३ मध्ये तर गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग परत मिळवता येतो, असा दोष उघड झाला होता. त्यानंतर दुरुस्ती आली, पण त्याआधी पाठवलेल्या फाईली जिथे आहेत तिथे आहेत.

घटनास्थळी जाण्यापूर्वी

सत्यशोधन समिती गावात जाते तेव्हा पाच जण पाचही फोनवर फोटो काढतात आणि कुणाकडे काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते. फोटो काढण्याची जबाबदारी एकावर, फार तर दोघांवर द्या. त्यांनी गावाच्या वेशीवर लोकेशन सुरू करावे, घड्याळ आपोआप जुळते आहे ना ते पाहावे. घटनास्थळाचे फोटो लोकेशनसह काढावेत. साक्षीदार जिथे आसऱ्याला आहे तिथे जाण्यापूर्वी लोकेशन बंद करावे. तिथला पत्ता पुराव्याचा भाग नसतो. तिचा जबाब महत्त्वाचा असतो, आणि तिच्या परवानगीशिवाय तिथे फोटोच काढू नये.

परत आल्यावर त्याच रात्री मूळ फाईली केबलने संगणकावर घ्याव्यात आणि आणखी एका ड्राइव्हवर प्रत करावी. फोनमधल्या फाईली तशाच ठेवाव्यात. वकिलांना व्हॉट्सअॅपवर द्यायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून द्याव्यात. ग्रुपसाठी, बातमीसाठी, पत्रकासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये साफ केलेल्या प्रती तयार कराव्यात आणि बाहेर फक्त त्याच फोल्डरमधून फोटो जावेत. व्हिडिओलाही हेच सगळे लागू आहे, त्यातही ठिकाण नोंदलेले असते. वर्ड आणि पीडीएफच्या फाईलींमध्ये ज्याच्या संगणकावर मजकूर टाइप झाला त्याचे नाव राहते. निनावी तक्रार करणाऱ्याने ती सायबर कॅफेतून पाठवली, पण टाइप घरी केली, तर नाव सोबत गेलेच.

वहीत एवढे लिहून ठेवावे: फोटो कुणी काढला, कोणत्या फोनवर, आयएमईआय क्रमांक काय, किती फाईली, पहिल्या आणि शेवटच्या फाईलचे नाव, प्रत्येकीचा हॅश, प्रत कुणाकुणाला दिली आणि कोणत्या तारखेला. आयएमईआय माहीत नसेल तर फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की दिसतो. खटला उभा राहायला तीन-चार वर्षे सहज जातात. तोवर समितीतले दोघे नोकरीला पुण्याला गेलेले असतात आणि एकाचा नंबर बदललेला असतो, म्हणून वही कुणाच्या घरी न ठेवता संस्थेच्या कपाटात ठेवावी.